पोट भरलेलं, शरीर उपाशी: बेलव्ह्यू रुग्णालयातलं १९२८ सालचं प्रकरण

१९२८ च्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात ४८ वर्षांच्या एका धडधाकट माणसाला डॉक्टरांनी फक्त बिनचरबीचं मांस खायला दिलं. मांस ताजं होतं, हवं तितकं होतं. तिसऱ्या दिवशी त्याला मळमळायला लागलं आणि जुलाब सुरू झाले. यावर डॉक्टरांनी औषध दिलं नाही, उपासही करवला नाही. त्याच्या ताटात चरबीदार सरलॉइन स्टेक आणि बेकनच्या चरबीत तळलेला भेजा आला. आपल्याकडे जुलाब लागलेल्याला कोणी असं वाढलं असतं, तर घरातल्यांनी त्याला वेड्यात काढलं असतं. पण दोन दिवसांत तो माणूस ठणठणीत झाला, आणि त्यानंतर वर्षभर मांसाशिवाय काहीही न खाता तसाच राहिला.

पोटाला बाधलं ते मांस आणि वर्षभर पचलं ते मांस एकाच स्वयंपाकघरातून येत होतं. फरक होता तो चरबीचा. आजारी पडलेला माणूस मुद्दाम, देखरेखीखाली आजारी पाडला गेला, त्याच्या खाण्याचं वजन-माप झालं आणि उताराही तिथेच तपासला गेला, असं उदाहरण या विषयात फार सापडत नाही. म्हणून ते तपशिलात पाहण्यासारखं आहे.

माणूस कोण आणि प्रयोग कशासाठी

तो माणूस म्हणजे विल्हिआल्मर स्टेफान्सन, १८७९ साली कॅनडातल्या मॅनिटोबात जन्मलेला ध्रुवप्रदेशाचा संशोधक. अकरा वर्षांहून अधिक काळ त्याने आर्क्टिकमध्ये काढला होता, आणि त्यातला बराचसा तिथल्या मूळ रहिवासी इन्युइट लोकांबरोबर, त्यांचंच अन्न खाऊन. कॅरिबू (उत्तरेकडचं हरीण), सील, मासे. भाजी नाही, धान्य नाही. हे तो परत येऊन सांगायचा तेव्हा त्या काळच्या आहारतज्ज्ञांचा विश्वास बसत नसे. फक्त मांसावर राहिलं तर स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार) होते, मूत्रपिंडं निकामी होतात, रक्तदाब चढतो, अशी पक्की समजूत होती.

खरं-खोटं करण्यासाठी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या रेमंड पर्ल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. अमेरिकेतल्या मांस उद्योगाच्या संघटनेने पैसे दिले. (हे लपवलेलं नव्हतं, पण वाचताना लक्षात ठेवावं असं नक्कीच आहे.) प्रत्यक्ष काम रसेल सेज इन्स्टिट्यूट ऑफ पॅथॉलॉजीच्या यूजीन ड्यू बॉइस आणि वॉल्टर मॅक्लेलन यांनी बेलव्ह्यूमध्ये केलं आणि निष्कर्ष १९३० साली छापले. अहवालात माणसांची नावं नाहीत, आद्याक्षरं आहेत. स्टेफान्सनबरोबर दुसरा होता कार्स्टन अँडरसन, १९१३ ते १९१८ च्या कॅनेडियन आर्क्टिक मोहिमेतला त्याचा सोबती. शिवाय ड्यू बॉइस स्वतःही दहा दिवस मांसावर राहिले. दुसऱ्यावर प्रयोग करणाऱ्याने आपलंही ताट मांडलेलं असलं की त्याच्या अहवालावर जरा जास्त भरवसा बसतो.

आधी काही काळ दोघांना नेहमीचं मिश्र जेवण देऊन तपासण्या झाल्या. मग मांस सुरू झालं: गाय, वासरू, मेंढी, डुक्कर, कोंबडी. नुसते स्नायू नव्हेत, तर कलेजी, गुर्दे, भेजा, हाडातली मज्जा आणि चरबीही. सुरुवातीला रुग्णालयात चोवीस तास पहारा होता. पुढे बाहेर राहायची मुभा मिळाली, तरी लघवीची तपासणी चालूच राहिली. पिष्टमय पदार्थ बंद असले की लघवीत ॲसिटोन उतरतो. कोणी गुपचूप पाव खाल्ला असता तर ते कळलं असतं. वर्षभर ॲसिटोन मिळत राहिला.

ते तीन दिवस

अँडरसनला चरबी-मांस हवं त्या प्रमाणात घेऊ दिलं होतं. स्टेफान्सनला मात्र डॉक्टरांनी विनंती केली की सुरुवातीला फक्त बिनचरबीचं घे. तो म्हणाला, याने मला त्रास होईल, उत्तरेत मी हे पाहिलेलं आहे. डॉक्टरांना नेमकं तेच पाहायचं होतं.

तिसऱ्या दिवशी मळमळ आणि जुलाब. नुसतं पोट बिघडलं नव्हतं. कुठे दुखतंय ते बोट ठेवून सांगता येत नाही, पण बरंही वाटत नाही, अशी एक अस्वस्थता अंगभर होती. त्याने नंतर लिहिलं की लक्षणं हुबेहूब आर्क्टिकमधलीच होती, फक्त आली खूप लवकर. तिकडे दोन-तीन आठवडे लागत, इथे दोन-तीन दिवसांत गाठलं. चरबी सुरू झाल्यावर दोन दिवसांत तो सावरला. मात्र त्यानंतर दहा दिवस बद्धकोष्ठाने हैराण केलं, हा तपशील पुढच्या पुनर्कथनांतून बहुधा गळतो.

आता शंका घ्यायला जागा आहे. त्रास चरबी नसल्यामुळे झाला, की पाव-फळं-बटाटे एकदम बंद झाल्यामुळे? इथे अँडरसन उपयोगी पडतो. त्याचंही सगळं एकदम बंद झालं होतं, पण चरबी होती, आणि त्याचं पोट बिघडलं नाही. ड्यू बॉइस यांचंही नाही. पहिल्या आठवड्यात तिघांचंही वजन उतरलं, पण ते पाणी होतं. पिष्ट बंद झालं की शरीरातला ग्लायकोजेनचा साठा संपतो आणि त्याला धरून राहिलेलं पाणी बाहेर पडतं. जिममध्ये पहिल्याच आठवड्यात ‘दोन किलो गेले’ म्हणून जी मिठाई वाटली जाते, तीही बव्हंशी याच पाण्याची.

अहवालाने आकडा दिला तो असा: दिवसभरातल्या एकूण कॅलरींपैकी ४० टक्क्यांहून जास्त प्रथिनांतून येऊ लागल्या तेव्हा जुलाब लागले. उरलेल्या वर्षात दोघांच्या खाण्यात प्रथिनं १०० ते १४० ग्रॅम, चरबी २०० ते ३०० ग्रॅम, आणि मांसातच असतात तेवढी पिष्टं, ७ ते १२ ग्रॅम, होती. एकूण २००० ते ३१०० कॅलरी. १२० ग्रॅम प्रथिनं आणि २३० ग्रॅम चरबी असा एक दिवस धरला तर प्रथिनांचा वाटा १९ टक्क्यांच्या आत आणि चरबीचा ८० च्या आसपास येतो. ताटाच्या भाषेत सांगायचं तर साधारण ६०० ग्रॅम बिनचरबीचं मांस आणि सव्वादोनशे ग्रॅम चरबी.

म्हणजे ‘मांसाहारावर वर्ष काढलं’ हे जे प्रकरण सांगितलं जातं, ते खरं तर चरबीवर वर्ष काढल्याचं प्रकरण आहे. मांस त्यात तोंडी लावण्यापुरतं नसलं, तरी इंधन नव्हतं.

अडतं कुठे

प्रथिनं शरीरासाठी विटा-सिमेंट आहेत. गरज पडली तर त्यांचं इंधनही करता येतं, जसं दारं-खिडक्या जाळून चूल पेटवता येते. पण अशा जाळण्यातून राख फार निघते. अमिनो आम्लातला नायट्रोजन आधी सोडवावा लागतो, तो अमोनियाच्या रूपात सुटतो, आणि अमोनिया मेंदूला विषारी. म्हणून यकृत त्याचा युरिया करतं. हे चक्र हान्स क्रेब्स आणि कुर्ट हेन्सेलाइट यांनी १९३२ साली उलगडलं. युरियाचा एक रेणू बनवायला शरीराची ऊर्जाही खर्च होते, आणि तो बाहेर टाकायला मूत्रपिंडांना पाणी लागतं.

या कारखान्याला कमाल क्षमता आहे. १९७३ साली डॅनियल रुडमन आणि सहकाऱ्यांनी ती मोजली. निरोगी माणसात ती तासाला सुमारे ६५ मिलिग्रॅम नायट्रोजन भरली, तीही वजनाच्या पाऊण घाताच्या (किलोतल्या वजनाचा ०.७५ घात) हिशोबाने. सिऱ्होसिस झालेल्यांत, म्हणजे यकृत निबर झालेल्यांत, ती निम्म्याहूनही कमी. गणित करून पाहू. ७० किलोचा पाऊण घात सुमारे २४.२. गुणिले ६५ म्हणजे तासाला १५७० मिलिग्रॅम, दिवसाला ३७.७ ग्रॅम नायट्रोजन. एक ग्रॅम नायट्रोजन म्हणजे ६.२५ ग्रॅम प्रथिनं. उत्तर आलं दिवसाला साधारण २३५ ग्रॅम. ६० किलोच्या माणसासाठी हेच २१० च्या आसपास येतं. माणसागणिक थोडं इकडेतिकडे होईल, पण दुप्पट होणार नाही.

२३५ ग्रॅम ऐकायला भरपूर वाटतात. कॅलरीत केले की फक्त ९४० उरतात. त्यातल्याही २० ते ३० टक्के ती प्रथिनं पचवण्यात आणि मार्गी लावण्यातच जातात. चरबीच्या बाबतीत हा खर्च शून्य ते ३ टक्के असतो. म्हणजे हाती लागतात जेमतेम सातशे. दिवसभर नुसतं बसून राहणाऱ्यालाही हे पुरत नाहीत.

आता रानससा घ्या, कारण उत्तर अमेरिकेच्या जंगलांत या आजाराला नावच ‘सशाची उपासमार’ असं पडलं. १०० ग्रॅम कच्च्या रानसशात सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं, दोन-अडीच ग्रॅम चरबी, ११४ कॅलरी. २४०० कॅलरी हव्यात तर २.१ किलो मांस खावं लागेल. त्यातून प्रथिनं येतील ४६० ग्रॅम, यकृताच्या कमाल क्षमतेच्या जवळजवळ दुप्पट. क्षमतेच्या आत राहायचं तर एक किलोच्या पुढे जाता येत नाही, आणि एक किलोत हजारभर कॅलरीच पदरात पडतात. जास्त खा, तर विषबाधा. कमी खा, तर उपासमार. तुडुंब जेवलेला माणूस दोन्हींच्या मध्ये अडकतो.

स्टेफान्सनने या आजाराचं जे वर्णन केलं आहे ते या गणिताशी तंतोतंत जुळतं. सशावर आलेला माणूस आधी जेवण वाढवतो. आठवडाभरात तो सुरुवातीच्या तिप्पट-चौपट खायला लागतो. पोट तट्ट फुगलेलं, आणि तरी प्रत्येक जेवणानंतर भूक. मग बेचैनी. सातव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास जुलाब, जे चरबी मिळेपर्यंत थांबत नाहीत. तसेच आठवडे गेले तर मृत्यू. भूक का भागत नाही, हे समजलं की हे वर्णन अंगावर येतं. त्या माणसाचं शरीर खोटं बोलत नसतं. त्याला खरोखरच अन्न मिळालेलं नसतं.

मग बेलव्ह्यूमध्ये इतक्या लवकर का? स्टेफान्सनचं स्वतःचं म्हणणं असं की उत्तरेतला रोडावलेला कॅरिबूसुद्धा रुग्णालयातल्या साफ केलेल्या मांसाइतका कोरडा नसतो. डोळ्यामागची चरबी, हाडांच्या मऊ टोकांतली मज्जा, एवढं तरी तिथे मिळतंच. याला आणखी एक कारण जोडता येईल. जास्त प्रथिनं खाऊ लागलं की युरिया बनवणारी यकृतातली विकरं (एन्झाइम्स) वाढतात, पण त्याला काही दिवस लागतात. बेलव्ह्यूत येताना स्टेफान्सन न्यूयॉर्कचं मिश्र जेवण जेवत होता. त्याचं यकृत आर्क्टिकमधलं राहिलं नव्हतं.

एक गल्लत इथे वारंवार होते. चरबी नाही म्हणजे आवश्यक स्निग्ध आम्लं नाहीत, अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं शोषली जात नाहीत, म्हणून माणूस आजारी पडतो, असं सांगितलं जातं. ही कमतरता खरी आहे, पण ती दिसायला आठवडे-महिने लागतात. तीन दिवसांतल्या जुलाबाचं ते कारण होऊ शकत नाही. शिवाय हा आजार साखर-पिष्टानेही टळतो. सशाबरोबर पोटभर भात मिळाला असता तरी ही वेळ आली नसती. प्रश्न इंधनाचा आहे. बर्फात ते चरबीच्याच रूपात मिळतं, एवढंच.

हेच दुसरीकडे

१८५७ च्या नोव्हेंबरात अमेरिकी सैन्यातला कॅप्टन रँडॉल्फ मार्सी रसद आणण्यासाठी फोर्ट ब्रिजरहून रॉकी पर्वत ओलांडून न्यू मेक्सिकोकडे निघाला. बर्फ कमरेपर्यंत, शिधा संपला, आणि मग तुकडीने आपलीच उपाशी, हाडं वर आलेली खेचरं आणि शिंगरं मारून खाल्ली. माणशी रोज पाच ते सहा पौंड मांस, म्हणजे सव्वादोन ते पावणेतीन किलो. तरीही माणसं खंगत गेली. बारा दिवसांत काम करण्याचं त्राण उरलं नाही, आणि सगळ्यांना एकच गोष्ट खावीशी वाटत होती: चरबीचं मांस. अडीच किलो मांसात पाचशेच्या वर ग्रॅम प्रथिनं होतात. खेचर स्वतःच उपाशी असेल, तर त्याच्या अंगावरची चरबी त्याने आधीच जाळून टाकलेली असते. उपाशी प्राणी खाऊन उपास सुटत नाही.

ज्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं, त्यांनी शिकारच त्याप्रमाणे केली. कॅरिबूचा नर शरदाच्या तोंडाशी, माजावर येण्याआधी, सर्वांत चरबीदार असतो. माज ओसरल्यावर तो रिकामा होतो, आणि मग माद्या बऱ्या. न्यू मेक्सिकोतल्या गार्न्सी या सुमारे पंधराव्या शतकातल्या शिकारस्थळी जॉन स्पेथ यांना बायसनच्या (अमेरिकी रानगव्यांच्या) हाडांत असंच दिसलं. शिकार वसंत ऋतूतली होती, तेव्हा हिवाळा आणि गाभणपणामुळे माद्या रोडावलेल्या असतात. शिकाऱ्यांनी माद्यांचे बरेच भाग तिथेच टाकून दिले होते आणि नरांचे नेले होते. मांस टाकणारे ते लोक उधळे नव्हते. पेमिकन हा त्यांच्याकडचा टिकाऊ पदार्थ पाहा: वाळवून कुटलेलं बिनचरबीचं मांस आणि वितळवलेली चरबी, वजनाने साधारण निम्मं-निम्मं. आधीचा हिशोब पुन्हा मांडला तरी उत्तर तेच येतं. ७०० ग्रॅम सशातून १५० ग्रॅम प्रथिनं आणि ८०० कॅलरी. बर्फात चालायला ३५०० लागतात. उरलेल्या २७०० साठी ३०० ग्रॅम चरबी.

डार्विनने १८३३ साली अर्जेंटिनाच्या पंपास प्रदेशात पाहिलं की गाउचो, म्हणजे तिथले गुराखी, महिनोन्‌महिने फक्त गोमांसावर राहतात, पण त्यात चरबी भरपूर घेतात आणि कोरड्या मांसाला नाक मुरडतात. आपल्याकडे खाटकासमोर उभं राहून ‘नळी घाला, थोडी चरबी टाका’ म्हणणारा माणूस आणि तो गाउचो यांचं चांगलं जमलं असतं. आपल्या मटणाला रश्शावरची तर्री आणि बाजूला भाकरी-भात असतोच, म्हणून सशाच्या उपासमारीला मराठीत नाव पडायची वेळ आली नसावी.

एक प्रकरण मात्र यात मिसळू नये. १९७६-७७ च्या सुमारास अमेरिकेत ‘द्रव प्रथिनां’ची लाट आली. लठ्ठ माणसं दिवसाला ३०० ते ४०० कॅलरींच्या प्रथिनद्रवावर महिनोन्‌महिने राहत. पन्नासहून जास्त मृत्यू नोंदले गेले, त्यांतले काही हृदयाची लय अचानक बिघडून. तिथे प्रथिनं जास्त झाली नव्हती. ती निकृष्ट होती: कातडी आणि स्नायुबंधांपासून काढलेलं कोलॅजन, ज्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतंच. त्यात खनिजांची वाण आणि महिनोन्‌महिन्यांची उपासमार. काहींनी पोटॅशियमच्या गोळ्या घेऊनही ते वाचले नाहीत. दोन्हीकडे ‘फक्त प्रथिनं’ हे शब्द येतात, पण एकीकडे पहिला बळी पोट असतं, दुसरीकडे हृदय. पहिल्यात तक्रार तीन दिवसांत येते, दुसऱ्यात कधीकधी येतच नाही.

डाएट चार्टवर मांडलेला ससा

आपल्याकडे रानससा आता सहसा कोणी खात नाही. पण ‘कटिंग’च्या, म्हणजे अंगावरची चरबी उतरवण्याच्या, नावाखाली जे चार्ट फिरतात, त्यांत ससाच वेगळ्या रूपात असतो. ७० किलोच्या मुलासाठीचा एक नमुना मांडू: ८०० ग्रॅम बिनकातडीची चिकन ब्रेस्ट (कच्च्या वजनाने), दहा अंड्यांचा फक्त पांढरा, व्हेचे (दुधातल्या प्रथिनांच्या पावडरीचे) दोन स्कूप, काकडी. भात बंद, तेल बंद, पिवळा बंद.

चिकनमधून १८० ग्रॅम प्रथिनं, ९६० कॅलरी. पांढऱ्यातून ३६ ग्रॅम, १७०. व्हेमधून ४८ ग्रॅम, २४०. बेरीज: २६४ ग्रॅम प्रथिनं, १३७० कॅलरी. प्रथिनांचे ग्रॅम गुणिले ४, भागिले एकूण कॅलरी, गुणिले १००. उत्तर ७७ टक्के. बेलव्ह्यूत ४० च्या वर गेल्यावर पोट फिरलं होतं. अमेरिका-कॅनडाच्या आहार मार्गदर्शनात वरची मर्यादा ३५ टक्के आहे. ग्रॅममध्येही हा मुलगा त्याच्या २३५ च्या पलीकडे गेला आहे.

नुसती टक्केवारी पाहून घाबरू नये, हेही सांगायला हवं. अंगावर चरबी बाळगून असलेला माणूस डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिवसाला ८०-९० ग्रॅम बिनचरबीच्या प्रथिनांवर काही आठवडे राहू शकतो. टक्केवारी तिथेही प्रचंड दिसते, पण ग्रॅम कमी असतात आणि इंधन त्याच्याच पोटावरून येतं. स्पर्धेच्या तोंडावरचा, आधीच सुकलेला मुलगा हा मार्सीच्या शिपायांच्या जागी असतो. त्याच्या अंगावर जाळायला काही उरलेलं नसतं. टक्के आणि ग्रॅम दोन्ही पाहायचे, आणि माणसाच्या अंगावर काय आहे तेही.

तोच चार्ट दुरुस्त करायला फार उलथापालथ लागत नाही. चिकन ३०० ग्रॅम, चार अख्खी अंडी, चार ज्वारीच्या भाकऱ्या (२०० ग्रॅम पीठ), २०० ग्रॅम दही, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे, दिवसभरात चार चमचे तेल, आणि हवी तितकी भाजी. प्रथिनं १२५ ग्रॅमच्या पुढे, कॅलरी १८०० च्या वर, वाटा २८ टक्के. दर किलोला १.८ ग्रॅम पडतात, ते व्यायाम करणाऱ्याच्या स्नायूंना पुरून उरतात. साध्या माणसासाठी भारतीय शिफारस दर किलोला ०.८३ ग्रॅम आहे. व्हेचा डबा यात कुठेच आलेला नाही.

बिघडायला लागलं की

क्रम साधारण ठरलेला असतो. जेवून उठल्यावर भूक, तेलकट-गोडाची तीव्र ओढ, अंग गार पडणं, चिडचिड, मळमळ, मग जुलाब. ती ओढ म्हणजे मनाचा कच्चेपणा असं समजून तिच्याशी झगडत बसणारे पुढच्या पायऱ्या लवकर गाठतात. या टप्प्यावर प्रथिनं दर किलोला १ ग्रॅमवर आणावीत आणि बाकीची भूक पेज, मऊ भात, तूप, केळं यांवर भागवावी. पाणी आणि ओआरएस चालू ठेवावं, कारण युरिया बाहेर काढायला आधीच पाणी खर्च होत असतं, त्यात जुलाबांची भर. तक्रार खरोखर याच कारणाची असेल तर दोन-तीन दिवसांत फरक दिसतो. नाही दिसला तर कारण दुसरं आहे.

गुंगी येणं, बोलणं असंबद्ध होणं, वारंवार उलट्या, छातीत धडधड यांपैकी काहीही दिसलं तर घरी थांबू नये. अमोनिया चढला असेल तर वेळ महत्त्वाचा असतो. युरिया चक्राच्या एखाद्या विकराचा जन्मजात दोष काही माणसांत सौम्य असतो आणि मोठेपणीपर्यंत कळत नाही. प्रथिनांचा मारा झाला की तो पहिल्यांदा डोकं वर काढतो. यकृताचा जुना आजार किंवा मूत्रपिंडांचं दुखणं असलेल्यांची मर्यादा मुळातच खाली असते, त्यांनी वरची गणितं स्वतःला लावू नयेत. बेलव्ह्यूच्या दोघांत वर्षअखेर मूत्रपिंडांना इजा आढळली नाही, हे खरं. पण ती दोन निरोगी माणसं होती आणि त्यांची प्रथिनं १४० ग्रॅमच्या आत होती. त्या निष्कर्षाचा दाखला २६४ ग्रॅमच्या चार्टला देता येत नाही.

तीन दिवस बिघडलेल्याला एकदम चरबीदार स्टेक दिलेला चालला. तोच उपाय कित्येक आठवडे उपाशी राहून खंगलेल्यावर करू नये. अशा माणसाला अचानक भरपूर अन्न, विशेषतः पिष्टमय, मिळालं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने उतरतं आणि हृदय दगा देऊ शकतं. त्याचं खाणं रुग्णालयात, रक्त तपासत, थोडं थोडं वाढवावं लागतं.

डॉक्टरांकडे जाताना मागच्या तीन दिवसांत काय आणि किती ग्रॅम खाल्लं, ते कागदावर लिहून न्यावं, स्कूपसकट. ‘डाएट हेल्दी आहे’ एवढंच सांगितलं तर जुलाबाची नेहमीची गोळी मिळते. रक्तातला युरिया, क्रिएटिनिन, इलेक्ट्रोलाइट्स, यकृताच्या चाचण्या आणि शुद्धीवर परिणाम दिसत असेल तर अमोनिया, एवढ्या तपासण्यांची दिशा त्या कागदावरूनच ठरते. युरिया बराच वाढलेला आणि क्रिएटिनिन जवळपास जागेवर, असं दिसलं तर आधी पाणी आणि ताट तपासावं, मूत्रपिंडाचा संशय त्यानंतर.